पाचचा गजर आणि तीन शिफ्ट

एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वय २८, राहणार मानेवाडा, नागपूर, बुटीबोरीच्या एका कारखान्यात ऑपरेटर. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. घरी आई-बाबा, बायको, लहान मुलगी. दोन वर्षांपासून एमपीएससी कम्बाईनची तयारी चालू आहे, पण पहाटे पाचला उठून अभ्यास करायचा नेम टिकत नाही. पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले, हप्त्यावर ‘शिस्त’ शिकवणारा ऑनलाईन कोर्सही घेतला. ‘बाबा म्हणतात, तुह्यात दमच नाही पोट्ट्या. ताई, लहान भाऊ समजून सांगा, माझ्यातच काही कमी आहे का?’

लहान भाऊ समजायला सांगितलंस, म्हणून ‘तू’च म्हणते.

पत्रासोबत पाठवलेला तुझा तक्ता मी बराच वेळ बघत बसले. अभ्यास झाला त्या दिवशी हिरवी खूण, नाही झाला त्या दिवशी लाल फुली, आणि खाली तुझ्याच अक्षरात ‘सातत्य शून्य’. तुझ्या शिफ्टा तू पत्रात लिहिल्याच होत्यास. त्या मी पेन्सिलीने त्या चौकटींवर मांडल्या, आणि सगळं चित्रच बदललं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यांत हिरव्या खुणांची रांग लागली आहे. फर्स्टच्या आठवड्यांत एकाआड एक. नाईटच्या आठवड्यांत सलग लाल. यात शून्य कुठे आहे? तुझं सातत्य शिफ्टप्रमाणे चालतं, आणि ते नेमाने चालतं.

आता तो पाचचा गजर बघ. फर्स्ट असते तेव्हा पाचला तू डबा भरून छत्रपती चौकात कंपनीची बस गाठायच्या घाईत असतोस. सेकंड सुटून घरी पोचेपर्यंत रात्रीचे साडेबारा होतात, म्हणजे पाचला उठायचं तर जेमतेम चार तासांची झोप. आणि नाईटला पाच वाजता तू मशीनसमोर उभा असतोस. तिन्हींपैकी एकाही शिफ्टमध्ये न बसणारा नेम तू दोन वर्षं पाळायला बघतोयस आणि तो मोडला की स्वतःला दोष देतोयस. ज्यांनी तो नेम सांगितला, त्यांची सकाळ त्यांच्या मालकीची आहे. तुझी कंपनीच्या चार्टवर लिहिलेली आहे. हा फरक त्या व्हिडिओंत कुणी बोलत नाही, याचा मला मनापासून राग येतो. राबणाऱ्या माणसाला ‘तुझी इच्छाशक्ती कमी’ असं सांगून त्याच्याकडूनच हप्ते घ्यायचे, हे बरोबर नाही.

तुझ्या कोर्सात ‘२१ दिवसांत सवय लागते’ असं शिकवलंय. हा आकडा पसरला तो मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणातून. चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आपला नवा चेहरा आपला वाटायला निदान २१ दिवस तरी लागतात, असं त्यांना रुग्णांकडे बघून वाटलं होतं. अभ्यासाच्या सवयीशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक छोटी गोष्ट करायला लावली आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. २०१० साली ते छापून आलं. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा त्यांचा हिशेब निघाला. मधला आकडा ६६ चा. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. तुझ्या कामाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या लोकांनी आपली गोष्ट रोजच्याच एखाद्या प्रसंगाला जोडली होती, जसं नाश्ता झाल्यावर. तुझ्या आयुष्यात घड्याळाची वेळ दर सोमवारी बदलते. न बदलणारा प्रसंग कोणता, ते शोधायला हवं.

मला तो तुझ्याच पत्रात सापडला. ‘उठल्यावर आईच्या हातचा चहा, मग दुसरं काही,’ असं तू सहज लिहून गेलास. उठणं सकाळी असो की दुपारी तीनला, चहा ठरलेला. मग कप खाली ठेवला की त्याच जागी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, वीस मिनिटं अभ्यास. नाईटच्या आठवड्यात तेवढंच, आणि तेही फक्त जुन्या प्रश्नपत्रिका. नवा विषय त्या आठवड्यात उघडूच नको. फर्स्टला घरी आल्यावर झोप काढ, मग चहा, मग तासभर. अवघड सगळं, म्हणजे राज्यघटना, अर्थशास्त्र, गणित, सेकंडच्या सकाळसाठी राखून ठेव. तेव्हा तू आधीपासूनच चांगला अभ्यास करतोस, तक्ताच सांगतोय. आणि झोप कापून काहीही करायचं नाही. सात तास तरी हवेतच, तुकड्यांनी मिळाले तरी चालतील.

‘रिलीव्हर आला नाही की डबल मारावी लागते, म्हणून आता प्लॅन करायचीच इच्छा होत नाही,’ हे तुझं वाक्य मला लागलं. पुढच्या शिफ्टचा माणूस आला नाही की तुला सलग दोन शिफ्ट कराव्या लागतात. अमेरिकेत रोचेस्टरला लहान मुलांवर एक प्रयोग झाला, २०१३ साली छापून आला. आत्ता एक मिठाई खा, किंवा थांबलास तर दोन मिळतील. ज्या मुलांशी आधी शब्द पाळला गेला ती सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना दिलेला शब्द मोडला गेला ती तीनच मिनिटं. मुलं तशीच होती, भरवसा तेवढा गेला होता. तुझंही तेच झालंय. म्हणून डबलच्या दिवशी चौकटीत लाल फुली मारू नको, ‘डबल’ असं लिही. शिवाय सुपरवायझरशी बोल: परीक्षेच्या आधीच्या महिन्यात तरी डबलसाठी तुझं नाव शेवटी घे म्हणावं. तो ऐकेलच असं नाही, पण मागणी रास्त आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच नेमाने सुटणारी नाही. पोरीशी खेळावंसंही वाटत नाही, जेवण गोड लागत नाही, असं तू शेवटी दोन ओळींत लिहिलंस. हे आठवडाभर सुट्टी असतानाही तसंच राहिलं असेल, तर तो आळस नाही आणि शिस्तीने जाणारही नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तिथे बोल, किंवा सरळ मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मनोविकार ओपीडीत जा. बायकोला सोबत ने.

बाबांना तो तक्ता दाखव, पेन्सिलीच्या खुणांसकट. फोटो परत पाठवला आहे. वाद घालू नको, नुसता समोर ठेव. मुलाने सरकारी नोकरीत लागावं म्हणून ते बोलतात. नाईट करून दुपारी झोपलेला मुलगा त्यांना दिसतो, रात्री मशीनवर उभा असलेला दिसत नाही.

कोर्सचा पुढचा हप्ता भरण्याआधी त्या लोकांना लेखी विचार की नाईट शिफ्टच्या आठवड्यात काय करायचं. धड उत्तर आलं नाही, तर बंद कर. तुझी खोली टिनाची आहे आणि मे महिन्यात नागपुरात पारा ४५ पर्यंत जातो. त्या खोलीत दुपारी कुणाला झोप लागेल? त्या पैशात खिडकीला जाड पडदा आणि कूलरला नवी खस घे, आणि हे काम एप्रिलच्या आत उरक.