सेमी १२० मिनिटं गेली, रविवारी फायनल: मुलींची तीच अकरा उतरवावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलींच्या फुटबॉल स्पर्धेची गुरुवारची सेमी जादा वेळ आणि पेनल्टीपर्यंत गेली, रविवारी दुपारी साडेतीनला कूपरेजवर फायनल आहे, हाताशी सोळा मुली आहेत आणि कमिटी म्हणतेय, "जिंकलेला संघ हलवायचा नाही." हे वाक्य मुंबईतल्या प्रत्येक मैदानाच्या कडेला ऐकलंय आणि दर वेळी बोलणारा माणूस खुर्चीत बसलेला असतो.

या मंडळींचा लाडका पुरावा म्हणजे २०२२ चा महिला युरो, म्हणजे युरोपचा कप. इंग्लंडच्या प्रशिक्षक सरिना विगमन यांनी सहाही सामन्यांत इंग्लंडची तीच अकरा उतरवली आणि कप नेला. खरंय. पण वेम्बलीवर जर्मनीला २-१ हरवलं त्यातले इंग्लंडचे दोन्ही गोल एला टून आणि क्लोई केलीचे, दोघी बाकावरून आलेल्या. उतरली तीच अकरा, सामना संपवला भलत्यांनीच. पुढच्या वर्षी सिडनीला विश्वचषकाच्या फायनलला विगमननी पुन्हा सेमीचीच अकरा ठेवली. समोर स्पेनने सेमीत पहिल्यापासून खेळलेली अलेक्सिया पुतेलास, दोन बॅलन डी'ओर (जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) घरात असलेली, बाकावर बसवली आणि सेमीत बदली येऊन गोल केलेली सल्मा पाराल्युएलो सुरुवातीपासून खेळवली. स्पेन १-०. इंग्लंडला मध्यंतरालाच दोघी बदलाव्या लागल्या.

आणि इतक्या लांब कशाला? २०२२ च्या आशियाई कपात चीनची सेमी ३ फेब्रुवारीला पुण्यात जपानशी १२० मिनिटं आणि पेनल्टीपर्यंत गेली. फायनल ६ तारखेला नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर. गुरुवार ते रविवार, हुबेहूब तुमचं वेळापत्रक. मध्यंतराला कोरिया २-० पुढे होता. चीन ३-२ जिंकला, बरोबरीचा आणि विजयाचा गोल बदली आलेल्या मुलींचा. (त्याच स्पर्धेत, त्याच मैदानावर, कोविडमुळे आपल्याला १३ जणी उभ्या करता आल्या नाहीत आणि यजमान स्पर्धेबाहेर. बाकाची किंमत तेव्हा तरी कळायला हवी होती.)

आता आमच्याच एका जुन्या सेमी-फायनलमधली आमची उजवी विंगबॅक, म्हणजे कडेने वर-खाली पळणारी बचावपटू. तिचे आकडे वहीत अजून आहेत. सेमीनंतर अर्ध्या तासाने, सामना किती जड गेला याला तिने १० पैकी ९ दिले. ११० मिनिटं खेळली, गुणाकार ९९०, हा झाला शरीरावर पडलेला भार. एरवीच्या सामन्याला हाच आकडा ५५० च्या आसपास असायचा. सामन्याआधी वजन ४८.२ किलो, नंतर ४६.९. म्हणजे अडीच टक्क्यांहून जास्त पाणी गेलं, आणि दोन टक्क्यांपुढे पळणं आणि डोकं दोन्ही मंदावतं. फायनलच्या सकाळी ४७.४. पाणी भरूनच निघालं नव्हतं. कमिटीतले एक काका म्हणाले, "पोरगी फॉर्मात आहे, उतरवा." ५२ व्या मिनिटाला पोटरीत गोळा आला. ती खाली बसलेली असतानाच तिच्या मागच्या मोकळ्या जागेतून क्रॉस आला आणि गोल.

खरं नुकसान त्यानंतर झालं. नियमात पाच बदल आहेत, पण सामना थांबवून करायच्या संधी तीनच. मध्यंतर त्यात धरत नाहीत. ५२ ला एक गेली, ६६ ला मिडफिल्डर बसली ती दुसरी, ७४ ला स्ट्रायकर ती तिसरी. दोन ताज्या मुली जर्सी घालून तयार, आणि आमची स्टॉपर (मधली बचावपटू) शेवटची पंधरा मिनिटं लंगडत खेळतेय.

म्हणून अख्खा संघ हलवू नका, पण दोन्ही विंगबॅक आणि मधल्या दोघींपैकी जास्त पळणारी, या तीन जागांचा आजच विचार करा. गोलकीपर आणि स्टॉपर ठेवा, त्यांचं पळणं कमी आणि एकमेकींची सवय महत्त्वाची. बदल विखरून करू नका: मध्यंतराला एक, साठीला दोन, पंचाहत्तरीला एक. एक राखून ठेवा, पुन्हा जादा वेळ लागला तर.

शुक्रवारी ज्या साठहून जास्त मिनिटं खेळल्यात त्यांना वीस मिनिटं चालणं, बस्स. बाकावरच्यांना मात्र चार-चारचा छोटा गेम आणि सहा-आठ पूर्ण वेगाच्या धावा द्याच. आठवडाभर नुसती बसलेली मुलगी साठाव्या मिनिटाला थेट स्प्रिंट मारते तेव्हा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) जातो. शनिवारी चाळीस मिनिटं, कॉर्नर-फ्रीकिक, घरी.

खाणं: केळं आणि चिक्की म्हणजे रिकव्हरी नव्हे. ४५ किलोच्या मुलीला दिवसाला २७० ते ३६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात. दोन्ही वेळा पोटभर भात, सकाळी पोहे, मधे उकडलेला बटाटा, असं केलं तरच आकडा गाठतो. डाएटची भाषा हे तीन दिवस बंद. घटलेल्या प्रत्येक किलोमागे दीड लिटर, मीठ असलेलं पाणी, हळूहळू. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्ये घाला. अर्ध्या बाटलीत कालवून पाजलं की पोट बिघडतं. साडेतीनला टर्फ गवतापेक्षा बरंच तापलेलं असतं, तेव्हा वॉर्मअप आखडता घ्या आणि शक्यतो सावलीत करा.

पाळी कोणाची आहे हे मॅडमनी एकेकीला बाजूला घेऊन विचारावं, सरांनी सगळ्यांसमोर नाही. आणि कायमच दमलेली दिसणारी मुलगी आळशी नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि जेवणाबरोबरचा चहा बंद करा. तीन दिवसांत मात्र त्यातलं काही सुधारणार नाही, ते पुढच्या सीझनचं काम.

हां, तुमच्या स्पर्धेच्या नियमपत्रकात बाहेर गेलेली मुलगी परत येऊ शकत असेल, तर वरचं संधींचं गणित सोडून द्या. आणि गुडघा सुजलेली किंवा डोक्याला मार लागलेली मुलगी बाकावरही नको.

रविवारी सकाळी सगळ्यांची वजनं घ्या. गुरुवारच्या सामन्याआधीच्या आकड्यापेक्षा जी अर्ध्या किलोहून कमी भरेल ती सुरुवातीच्या अकरात नाही, मग ती कमिटीतल्या कोणाची पुतणी का असेना.