अर्ज तिचा, पासवर्ड तुमच्याकडे

पत्र : मुलगी कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए ८.४. मोठ्या जागतिक कंपनीत लागावी म्हणून तिच्याकडून ११ ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करून घेतले. तिचा ई-मेल मीच बघतो, ७० अर्जही मीच भरले. कंपन्यांचं सॉफ्टवेअरच रेझ्युमे नाकारतं असं कळल्यावर त्यात नजरेला न दिसणाऱ्या पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड, म्हणजे सॉफ्टवेअर शोधतं ते शब्द, टाकले. तरी एकही मुलाखत नाही. आता कोणता कोर्स लावू? की परदेशी शिक्षणासाठीची जीआरई परीक्षा?
– एक पालक

उत्तर : नमस्कार. मार्क ठीक आहेत. काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची : तिला कोणतं काम आवडतं, हे एवढ्या पत्रात कुठेच नाही.

याचा फटका मुलाखतीत बसेल. मोठ्या कंपन्या ठरावीक साच्यातले प्रश्न विचारतात : टीममध्ये मतभेद झाले तेव्हा तू काय केलंस? कुठला निर्णय चुकला? अ‍ॅमेझॉनची तर १६ नेतृत्व-तत्त्वं जाहीरच आहेत आणि तिथले प्रश्न त्यांवरच बेतलेले असतात. दोन मिनिटांच्या उत्तरात प्रसंग वीसेक सेकंदांत सांगून बाकीचा वेळ स्वतः काय केलं आणि त्यातून काय निघालं, याला द्यायचा असतो. बहुतेक मुलं उलटं करतात, शिवाय सगळीकडे ‘आम्ही केलं’ म्हणतात. पाठ केलेलं उत्तर पहिल्या उपप्रश्नाला कोसळतं : हाच पर्याय का? दुसरे कोणते होते? जिचे कोर्ससुद्धा वडील निवडतात, ती इथे काय सांगणार? हे कुठल्याही क्लासमध्ये शिकवून येत नाही.

आता त्या सॉफ्टवेअरबद्दल. ते सहसा अर्ज साठवतं, रेझ्युमेतला मजकूर वेगळा काढतं आणि भरती करणाऱ्याला त्यात शोधू देतं. आपोआप नकार येतो तो बऱ्याचदा फॉर्ममधल्या प्रश्नांमुळे : पदवीचं वर्ष, शाखा, त्या देशात काम करण्याचा परवाना. ७० फॉर्म भराभर भरताना यातलं एक उत्तर चुकलं की रेझ्युमे उघडलाही जात नाही. पांढरी अक्षरं मात्र मजकूर वेगळा काढल्यावर इतरांसारखीच दिसतात, आणि वाचणाऱ्याला ती लबाडी वाटते. आजच काढा. दोन रकाने, तक्ते, फोटोही नकोत. एक पान, साधी मांडणी. अर्जाच्या शेवटी ‘माहिती खरी आहे’ असं ती जाहीर करते, तुम्ही नाही. खोटं निघालं तर हातात आलेली ऑफरही जाते.

सर्टिफिकेटांपैकी कामाशी संबंधित दोन ठेवा. नव्या कोर्सऐवजी तिने स्वतः निवडलेला एक प्रोजेक्ट पूर्ण करावा; दुसऱ्या कुणी तो वापरून चुका दाखवाव्यात आणि तिने त्या दुरुस्त कराव्यात. वरच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच मिळतील. कोडिंग चाचणीसाठी रोज एक कोडिंगचा प्रश्न सोडवावा, घड्याळ लावून. चार वर्षांच्या पदवीत तिसऱ्या वर्षानंतरची इंटर्नशिप सर्वांत मोलाची, कारण अनेक कंपन्या पूर्णवेळ जागा आपल्याच इंटर्नमधून भरतात. इंटर्नशिपचे अर्ज कित्येक महिने आधी उघडतात आणि काही ठिकाणी जागा भरल्या की मुदतीआधीच बंद होतात. म्हणून वेळेत दहा-बाराच कंपन्या निवडून प्रत्येकीच्या जाहिरातीनुसार रेझ्युमे बदलावा. निवड तिची.

जीआरईचा स्कोअर ५ वर्षं चालतो. परदेशी शिकायचं तिने ठरवलं तर बघू.

पासवर्ड तिला बदलू द्या. पुढचं पत्र तिने लिहावं, सोबत तिने स्वतः केलेला रेझ्युमे जोडावा. कोर्सच्या यादीवर मी तुम्हाला उत्तर देणार नाही.