लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला अधूनमधून घातला जाणारा एक जादा सेकंद, आला की कॉम्प्युटरचं घड्याळ काय करतं?

लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली सहसा तोच सेकंद दोनदा मोजते. लिनक्स ज्या जुन्या प्रणालीवर बेतलंय, त्या युनिक्सच्या हिशोबात दिवस ८६,४०० सेकंदांचाच, जादा सेकंद ठेवायला जागाच नाही. शेवटचा लीप सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला पहाटे ५:२९:५९ नंतर आला. गूगल मात्र तो २४ तासांत थोडाथोडा जिरवतं. मला हेच बरं वाटतं. २०१२ मध्ये लिनक्समधल्या एका चुकीने कितीतरी सर्व्हर लटकले होते.

आमच्या यवतमाळकडच्या जिनिंगवर कापसाच्या काट्याची पावती काढणारा पीसी? त्याच्या मदरबोर्डवरचा सेल गेलाय. लाइन गेली की तारीखच काही वर्षं मागे! नेट जोडलं, की टाइम सर्व्हरला विचारून सगळं एकदम जुळवतो, त्यात लीप सेकंदही आलाच. २०३५ पर्यंत ही भानगड बंद करायचं २०२२ मध्येच ठरलंय.