दर आठवड्याला तीच शीट तीन कॉलमवर सॉर्ट करावी लागते, मॅक्रो करू का? सीनियर म्हणतात मॅक्रोने डेटा बिघडतो

तुमच्या प्रश्नातलं ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. बाकी प्रश्नाचं उत्तर छोटं आहे: हो, करा. मॅक्रो म्हणजे तुम्ही एकदा करून दाखवलेलं काम एक्सेल लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी आपोआप करतं. कोडिंग यायला लागत नाही, एक्सेलमधला मॅक्रो रेकॉर्डर चालू करा, एकदा हाताने सॉर्ट करा, रेकॉर्डर थांबवा, झालं. आता सीनियरांकडे येऊ.

मी आधी जिथे होते तिथे दर सोमवारी सगळ्या विभागांच्या ओव्हरटाइमच्या याद्या यायच्या. त्या एकाखाली एक पेस्ट करायच्या, मग आधी विभाग, मग तारीख, मग नाव असं सॉर्ट करायचं, मग बॉर्डर, रंग, प्रिंटची सेटिंग. पाऊण तास जायचा आणि डोकं अजिबात लागायचं नाही, म्हणूनच चुका व्हायच्या. मी मॅक्रो रेकॉर्ड केला, शीटवर बटण लावलं, आणि पुढचे तीन महिने सोमवार सकाळ म्हणजे सुट्टीच.

मग एका सोमवारी बोंब झाली. यादीच्या तळाशी १७ ओळी सॉर्ट न होता तशाच पडलेल्या, आणि त्याहून वाईट म्हणजे नावांसमोर भलतेच तास. जो माणूस आठवडाभर रजेवर होता त्याच्या नावावर १२ तास ओव्हरटाइम! आमचे सीनियर चार लोकांसमोर म्हणाले, "तरी मी सांगत होतो, हे मॅक्रो-बिक्रो नको." मी गप्प बसले, कारण त्या १७ ओळी माझ्याच होत्या हे मला लगेच कळलं होतं.

झालं काय, तर रेकॉर्डर तुमचा हेतू लिहून घेत नाही, तुम्ही त्या दिवशी जे केलं ते जसंच्या तसं लिहून घेतो. मी रेकॉर्ड केलं तेव्हा यादी २१४व्या ओळीपर्यंत होती, तर त्याने ए१ ते एच२१४ एवढंच लिहून ठेवलं. नंतरच्या याद्या लहानच यायच्या, रिकाम्या ओळी सॉर्टमध्ये खालीच जातात, त्यामुळे तीन महिने पत्ता लागला नाही. त्या दिवशी यादी २३१व्या ओळीपर्यंत गेली आणि शेवटच्या १७ ओळी मॅक्रोच्या कुंपणाबाहेर राहिल्या. चूक माझी, शंभर टक्के.

पण तासांचं काय? संध्याकाळी सगळे गेल्यावर फाइल उघडून बसले. नावांचा कॉलम वरपासून खालपर्यंत बाराखडीप्रमाणे एका रांगेत होता, विभाग-बिभाग न बघता, आणि बाकीचे कॉलम विभागवारच. पण खरी गंमत पुढे आहे. ही नावांची रांग २१४ला थांबत नव्हती, सरळ २३१पर्यंत गेली होती. माझा मॅक्रो तर २१४च्या खाली हातच लावत नव्हता! शिवाय तो आठही कॉलम एकत्र हलवायचा, एकटा नावांचा कॉलम हलवणं त्याला शक्यच नव्हतं. म्हणजे कोणीतरी नाव शोधायला फक्त तो एक कॉलम सिलेक्ट करून हाताने सॉर्ट केला होता. एक्सेल अशा वेळी विचारतं सुद्धा, बाजूचे कॉलम पण घेऊ का म्हणून, तर त्याला 'आहे तेवढंच कर' सांगून वर सेव्ह केलं होतं. माझ्या चुकीनेच मला वाचवलं. मॅक्रो बरोबर लिहिलेला असता तर एवढं ठामपणे सांगता आलं नसतं. फाइलच्या माहितीत शेवटचा बदल कोणाचा ते दिसतं, ते नाव सांगत नाही, एवढंच सांगते की 'तरी मी सांगत होतो' म्हणणारे दुसरे कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी दाखवलं तर उत्तर काय, "ते असू दे, पण मॅक्रो काढून टाक." चोर सोडून संन्याशाला फाशी.

तर तुमच्यासाठी. डेटाचं टेबल करून घ्या, कंट्रोल-टी दाबून, आणि मग मॅक्रो रेकॉर्ड करा, म्हणजे तो ओळींच्या आकड्यांऐवजी टेबलचं नाव धरतो आणि यादी वाढली तरी अडत नाही. नवीन डेटा त्याच टेबलमध्ये टाकत जा, दर वेळी नवी शीट करू नका, शीटचं नाव बदललं की मॅक्रोला ती सापडत नाही, रनटाइम एरर ९ येते आणि मग परत 'बघा, बिघडलं'. मर्ज केलेले, म्हणजे एकत्र जोडलेले, सेल आधी सोडवा. आकडे टेक्स्ट म्हणून आले असतील तर १० हे २च्या आधी लागतात, तो मॅक्रोचा दोष नाही, डेटा पाठवणाऱ्याचा आहे. तारखांचंही तेच. एक्सेल स्वतःच्या मनाने कशालाही तारीख समजतं, त्यापायी २०२० मध्ये माणसाच्या काही जनुकांची अधिकृत नावं बदलावी लागली होती, शास्त्रज्ञांनीसुद्धा हात टेकले तिथे आपण कोण.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिला कॉलम अनुक्रमांकाचा ठेवा, सॉर्टच्या आधी भरलेला, आणि कच्च्या फाइलची एक कॉपी बाजूला. कारण मॅक्रो चालल्यावर कंट्रोल-झेड दाबून तो बदल मागे घेता येत नाही, सीनियरांच्या भीतीत एवढंच खरं आहे. अनुक्रमांक असला की मूळ क्रम परत आणता येतो, आणि उद्या कोणी एकटाच कॉलम हलवला तर कॉपीतला ४७ नंबर आणि शीटमधला ४७ नंबर शेजारी ठेवून दाखवायचं, हो, चार लोकांसमोरच.

अर्थात नुसतं सॉर्टच करायचं असेल आणि तुमच्याकडे एक्सेल २०२१ किंवा ३६५ असेल तर मॅक्रो लागतही नाही, सॉर्टबाय फंक्शन मूळ डेटाला हात न लावता बाजूला सॉर्ट केलेली यादी देतं. हे खरं तर वरच सांगायला हवं होतं. आणि मॅक्रोच केला तर फाइल एक्सएलएसएम म्हणून सेव्ह करा, साध्या एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो उडून जातो. माझा दोनदा उडालाय, पण ते त्या ऑफिसात अजून कोणाला माहीत नाही.