जुना कॉम्प्युटर खूप स्लो झालाय. फॉरमॅट मारू, रॅम वाढवू, की नवीनच घेऊ?

तुम्ही लिहिलंय की डेस्कटॉप २०१३ चा आहे, विंडोज १०, रॅम ४ जीबी, साधी हार्ड डिस्क. सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, क्रोम उघडलं की सगळं अडकतं, आणि दुकानदार म्हणतोय, "फॉरमॅट मारावा लागेल."

मारू नका. फॉरमॅट म्हणजे डिस्क कोरी करून विंडोज नव्यानं टाकणं, ते निदान आत्ता नाही. का नाही ते सांगते, थोडं लांबेल.

आमच्या घरी, विट्यात, २०१२ च्या दिवाळीत असाच कॉम्प्युटर घेतला होता. दुसऱ्या पिढीचा आय-३, २ जीबी रॅम, ५०० जीबीची डिस्क, विंडोज ७. घेतला आप्पांसाठी. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. आधी आजीच्या, मग आळीतल्या बायकांच्या, मग एसटीनं आटपाडी, जतपर्यंत जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांच्या. वहीत लिहून आणायचे आणि रात्री टाइप करायचे. टायपिंग आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर, त्यातला फॉन्ट डीव्हीबी-टीटी सुरेख, कारण ऑफिसात तेच शिकले होते. साडेअकराशेच्या वर ओव्या झाल्या होत्या. कुठली ओवी कुणाकडून घेतली, तिचं वय किती, माहेर कुठलं, सगळं ओवीखाली लिहिलेलं.

२०१६ मध्ये विंडोज १० फुकट मिळत होतं, तेव्हा दादानं पुण्याहून येऊन ते टाकून दिलं. दादा आयटीत आहे. मी पतसंस्थेत काम करते, दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असते, पण घरात कॉम्प्युटरचा विषय निघाला की शब्द दादाचाच. विंडोज १० आल्यापासून मशीन जड झालं. दादा फोनवर म्हणाला, व्हायरस असेल, फॉरमॅट मारून घे. २०१८ मध्ये मारला. तीन महिने बरं चाललं, पुन्हा तेच. मग म्हणाला, रॅम वाढव. २ ची ४ केली, थोडा फरक पडला. २०१९ मध्ये पुन्हा फॉरमॅट. या दोन्ही वेळेला आप्पांचं सगळं मी आधी पेनड्राइव्हवर घेतलं होतं, म्हणून निभावलं.

त्याच सुमारास मला डिस्कमधून आवाज यायला लागला. रात्री घरात सामसूम झाली, शेजारचे माग बंद झाले की नीट ऐकू यायचा. कट, कट, मग दोन सेकंद काहीच नाही, मग पुन्हा कट. त्या दोन सेकंदांत माऊस हलायचा पण बाकी काही हलायचं नाही. मी दादाला सांगितलं, डिस्क जातेय. तो म्हणाला, "अगं, जुन्या डिस्क आवाज करतातच. तू त्यात पडू नकोस."

२०२१ मध्ये मी ट्रेनिंगसाठी चार दिवस सांगलीला होते. दादानं परस्पर आप्पांना फोन केला, "दुकानात टाका, तासाभरात फॉरमॅट मारून देतील." आप्पा रिक्षात घालून घेऊन गेले. दुकानातल्या पोरानं विचारलं, "काका, सीमध्ये काही आहे का?" आप्पा म्हणाले, "मला सी-डी काही कळत नाही, माझं सगळं समोर पडद्यावरच आहे." पोरानं चिठ्ठीवर लिहिलं, "डेटा नाही." ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. साडेतीनशे रुपये घेतले.

ज्यांना माहीत आहे त्यांना हे उघड वाटेल, पण सत्तरीतल्या माणसाला कसं कळणार की समोर पडद्यावर दिसतं ते डेस्कटॉप आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच? संध्याकाळी आप्पांनी मशीन सुरू केलं, तर पडद्यावर फक्त रिसायकल बिन. त्यांना वाटलं फायली आत कुठेतरी गेल्यात, सुनंदा, म्हणजे मी, आली की काढून देईल. चार दिवस त्यांनी मला फोनसुद्धा केला नाही. आणि त्या चार दिवसांत मशीन चालू ठेवलं, विंडोजनं सगळे अपडेट उतरवून घेतले, जुन्या फायलींच्या जागेवर नवीन लिहिलं गेलं.

साधा (क्विक) फॉरमॅट फायली पुसत नाही, फक्त कुठली फाइल कुठे आहे ती यादी कोरी करतो. त्यामुळे लगेच मशीन बंद केलं असतं तर बरंच हाती लागलं असतं. मी आल्या आल्या डिस्क काढली, १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेल्या यूएसबी केबलनं माझ्या लॅपटॉपला लावली आणि फोटोरेक चालवलं. ते फुकट आहे, फायली परत आणतं, पण नावं आणत नाही. एफ आणि पुढे सात आकडे, अशा नावाच्या हजारो फायली. तीन रात्री एकेक उघडत बसले. वर्डची फाइल उघडली की आत डोक्यावर टिंबं असलेली रोमन अक्षरं, मधूनच पौंडाचं चिन्ह. मला वाटलं सगळं सडलं. दुसऱ्या रात्री दोनच्या पुढे लक्षात आलं, अरे, या लॅपटॉपवर सुरेख फॉन्टच नाही. फॉन्ट टाकला, तीच फाइल पुन्हा उघडली, आणि तो सगळा कचरा एका क्षणात ओव्या झाला. खाली आप्पांच्या पद्धतीनं, कंसात, बाईचं नाव आणि माहेर. मी आप्पांना झोपेतून उठवून दाखवलं.

सातशेच्या आसपास मिळाल्या. बाकीच्या गेल्या. शेवटच्या वर्षातल्या काही ओव्यांच्या वह्या होत्या, त्यांवरून आप्पांनी पुन्हा टाइप केल्या. पण आधीच्या बऱ्याच वह्या टाइप झाल्यावर रद्दीत गेल्या होत्या. ज्यांनी सांगितल्या त्यातल्या कितीतरी बायका आता नाहीत.

आता तुमच्या मशीनकडे येते.

आधी दोन पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स कॉपी करून घ्या. जुने मराठी फॉन्ट असतील तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तेही घ्या. हे झाल्याशिवाय पुढचं काही करू नका.

मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स बघा. मशीन अडकलेलं असताना डिस्क १०० टक्के आणि वाचायचा वेग सेकंदाला एक-दोन एमबी दिसत असेल, तर अडचण डिस्कपाशी आहे. आमच्याकडे अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम २,००० मिलीसेकंदाच्या वर जायचा. धडधाकट डिस्कला इकडचातिकडचा तुकडा शोधायला दहा-पंधरा मिलीसेकंद लागतात. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, तेही चालवा. निळं 'गुड' असेल तर ठीक. पिवळं 'कॉशन' असेल आणि ०५ किंवा सी५ या ओळींपुढे शून्य सोडून दुसरं काही असेल, तर डिस्कवरचे सेक्टर, म्हणजे माहिती ठेवायचे छोटे कप्पे, खराब होतायत. आमच्याकडे सी५ पिवळं होतं. तो कट आवाज तिथूनच येत होता. खराब सेक्टर वाचताना डिस्क त्याच जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तोवर अख्खं मशीन तिच्यासाठी थांबतं.

डिस्क चांगली असली तरी विंडोज १० ला ती पुरत नाही. फिरणारी डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूममधला एकटा शिपाई. सेकंदाला जेमतेम शंभरएक वेगवेगळ्या जागी पोचतो. विंडोज १० चं अपडेट, डिफेंडरचं स्कॅन, सर्च इंडेक्स, वर तुमचं क्रोम, सगळे एकाच वेळी त्यालाच फाइल मागतात. फॉरमॅटनंतर दोन-तीन महिने बरं वाटतं, कारण तेव्हा मागणारे कमी असतात आणि फायली एका ओळीत रचलेल्या असतात. शिपाई तोच राहतो.

मी २०२१ मध्येच २४० जीबीची सॅटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, घेतली, अडीच हजारांच्या आत मिळाली. दुकानात सांगत होते, "ताई, या जुन्या बोर्डावर एसएसडीचा काही फायदा नाही, सॅटा-२ आहे." सॅटा-२, म्हणजे डिस्क जोडायची जुनी, कमी वेगाची सोय, आहे हे खरं, पूर्ण वेग मिळत नाही हेही खरं. पण घरच्या कामात अडचण एका दमात किती वाचतो याची नसते, शंभर ठिकाणी धावण्याची असते, आणि एसएसडीत फिरणारं, धावणारं काहीच नाही. तोच आय-३, तीच ४ जीबी रॅम. सुरू व्हायला चार मिनिटं लागायची, ती अर्ध्या मिनिटावर आली. जुन्या डिस्कची केबल काढून एसएसडीला लावायची, विंडोज १० नव्यानं टाकायचं. आधी अ‍ॅक्टिव्हेट झालेलं असेल तर त्याच बोर्डावर आपोआप होतं. आणि जुनी डिस्क पुसायची नाही, कपाटात ठेवायची. माझं फॉरमॅटबद्दलचं म्हणणं एवढंच आहे. कोरं विंडोज हवंय? टाका, पण नव्या डिस्कवर.

कॅबिनेट उघडाल तेव्हा प्रोसेसरचा पंखा बघा. आमच्या गावात मागांमुळे हवेतच सूत असतं, पंख्याखालच्या पत्र्यांवर कापसाची गादी बसली होती. ब्रशनं साफ केलं, थर्मल पेस्ट बदलली. तारीख दर वेळी मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला.

रॅमचं विचारलंत. क्रोम उघडल्यावर मेमरी ९० टक्क्यांच्या वर जात असेल तर ८ जीबी करा, पण विंडोज ३२ बिटचं असेल तर त्याला ४ च्या वरची दिसणारच नाही, ते आधी बघा. क्लीनर, बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर यातलं काहीही टाकू नका. व्हिडिओत सांगतात तसं प्रीफेच फोल्डर रिकामं करू नका, त्यानं सुरू व्हायला उलट वेळ लागतो. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये जाऊन नको ते बंद करा, तेवढं पुरतं.

दादा हे सगळं ऐकून आजही म्हणतो की चूक बॅकअप न घेण्याची होती, फॉरमॅटची नव्हती. मला हे पटत नाही आणि पटणारही नाही. बॅकअप मी दोनदा घेतला होता. ज्याला डेस्कटॉप कुठल्या ड्राइव्हमध्ये असतो ते माहीत नाही, त्या माणसाला "टाका आणि मारून आणा" सांगणं ही चूक होती. आवाज येतोय हे मी दोन वर्षं सांगत होते. तेव्हा कुणी पाच मिनिटं सी५ ची ती एक ओळ बघितली असती, तर तिसऱ्या फॉरमॅटची वेळच आली नसती. जे मशीनसमोर बसतात, ऐकतात, त्यांचंही ऐकायला हवं. दुरून फोनवर निदान होत नाही.

काही गोष्टी राहिल्या. सी५ पिवळं असेल तर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन) चालवू नका आणि फोटोरेकही थेट त्या डिस्कवर चालवू नका, मी चालवलं ते चुकलं. आधी डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढायच्या सॉफ्टवेअरनं सगळ्या डिस्कची प्रत काढायची आणि काम त्या प्रतीवर करायचं. दुसरं, एसएसडीवर चुकून फॉरमॅट झाला तर फायली बहुतेक परत येत नाहीत, त्यामुळे एसएसडी टाकल्यावर बॅकअपची गरज वाढते. तिसरं, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. तुमच्या मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे चालणार नाही, इंटेलचा असेल तर त्याला आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. तेव्हा बँकेचे व्यवहार त्यावर करू नका, किंवा विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाका. टायपिंग आणि यूट्यूबपुरतं ते छान चालतं. नवीन घ्यायचं की नाही हे तुमच्या कामावर आहे, आमचं अजून चाललंय.

आप्पांच्या फायली मी आता युनिकोडमध्ये, म्हणजे सुरेख फॉन्ट नसला तरी वाचता येईल अशा मराठीत, बदलतेय. कन्व्हर्टर रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकवतो, त्यामुळे प्रत्येक ओवी आप्पांना वाचून दाखवावी लागते. परवापर्यंत ४१२ झाल्या. तुमच्या क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये ०५ आणि सी५ पुढे काय दिसतं ते इथे लिहा, म्हणजे डिस्क धोक्यात आहे का ते सांगता येईल.