ओपनएसएसएल ३ आल्यावर जुनं सॉफ्टवेअर चालेना, लायब्ररी मागे न्यावी का?

नाही. ओपनएसएसएल म्हणजे नेटवर्कवरचा संवाद एन्क्रिप्ट करणारी लायब्ररी, आणि तिच्या आधीच्या १.१.१ आवृत्तीला मोफत सुरक्षा दुरुस्त्या मिळणं सप्टेंबर २०२३ मध्येच थांबलं.

हाच वाद आमच्या टीममध्ये झाला होता आणि मला तो अजून सलतो. सर्व्हर नव्या लिनक्सवर नेला, आणि एका पुरवठादाराकडून डेटा आणणारा जॉब बंद पडला. एरर होती 'अनसेफ लेगसी रीनिगोशिएशन डिसेबल्ड', म्हणजे चालू जोडणीच्या अटी पुन्हा ठरवण्याची जुनी, असुरक्षित पद्धत बंद आहे. टीएलएसमधली (जोडणी एन्क्रिप्ट करायच्या प्रोटोकॉलमधली) ही त्रुटी २००९ ची, तिच्यावरचा उपाय, आरएफसी ५७४६ हे मानक, २०१० चा. पुरवठादाराने तो कधी लावलाच नव्हता. ओपनएसएसएल ३ अशा सर्व्हरशी डीफॉल्टने बोलत नाही, एवढंच घडलं होतं. तरी मीटिंगमध्ये खापर फुटलं ते अपडेटवर. वरिष्ठांनी अख्ख्या सिस्टीमच्या कॉन्फिग फाइलमध्येच अशा सर्व्हरशी बोलण्याची सूट टाकायला लावली, वर सेकलेव्हल (किमान सुरक्षेची पातळी) शून्यावर. एका सर्व्हरपायी ती फाइल वाचणारे सगळे प्रोग्राम ढिले! मी सांगत होतो की त्या एका जॉबला वेगळी कॉन्फिग द्या, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने ते सहज होतं. उत्तर मिळालं, "तात्पुरतं आहे." पुढे पुरवठादाराने आपला सर्व्हर सुधारला. सूट मात्र तशीच राहिली आणि इमेजबरोबर (सर्व्हरच्या तयार प्रतीबरोबर) नव्या मशीनवरही गेली. ऑडिटमध्ये ती सापडली, तेव्हा ती कोणासाठी होती हे कुणालाच आठवेना.

त्यामुळे तुम्हीही आधी नेमकं काय अडलंय ते बघा. नोड १७ (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) वर वेबपॅक ४ (वेबसाइटच्या फाइल्स एकत्र बांधणारं साधन) चा बिल्ड फुटायचा तो एमडी४ या जुन्या हॅशमुळे, कारण ओपनएसएसएल ३ ते डीफॉल्टने देत नाही. तिथे ते हॅश गुप्ततेसाठी नव्हतंच, म्हणून बिल्डपुरता लेगसी प्रोव्हायडर (ओपनएसएसएल ३ मधला जुन्या अल्गोरिदमांचा वेगळा भाग) चालू केला तर फारसं बिघडत नाही. तोच प्रोव्हायडर ग्राहकांचा डेटा आरसी४ या जुन्या, कमकुवत पद्धतीने एन्क्रिप्ट करत राहायला चालू केलात, तर ते अक्षम्य आहे. सूट द्यायचीच तर एकाच जोडणीला द्या, आणि ती कोणी मागितली व कधी काढायची हे त्याच फाइलमध्ये लिहा. "तात्पुरतं" ही तारीख नव्हे.

हां, ज्या यंत्राचं फर्मवेअर आता बदलताच येत नाही, त्याला हे लागू नाही. ते वेगळ्या नेटवर्कवर ठेवा आणि पुढे प्रॉक्सी (मधला सर्व्हर) लावा, म्हणजे जुनं टीएलएस यंत्र आणि प्रॉक्सी या दोघांतच राहील.

आणि आत्ता कोड बदलणारच असाल तर ओपनएसएसएल ३.० वर थांबू नका. तिची मुदत सप्टेंबर २०२६ पर्यंतच आहे, ३.५ ला एप्रिल २०३० पर्यंत दुरुस्त्या मिळतील.