स्वस्त डॉक लावला आणि स्विच चार्ज होणं बंद झालं, तर थर्ड पार्टी वस्तू वापरायच्याच नाहीत का?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलाच्या निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलचा मूळ डॉक, म्हणजे स्विच चार्ज करणारा आणि टीव्हीला जोडणारा स्टँड, बिघडला म्हणून नाशिकमध्येच बाराशे रुपयांचा दुसरा घेतला. तीन आठवडे टीव्हीवर व्यवस्थित चाललं, मग एका सकाळी स्विच चार्जच होईना. दुकानदार म्हणतो, डॉकचा काही संबंध नाही. आता पुढे काय, आणि बाहेरच्या कंपनीच्या वस्तू कन्सोलला लावायच्याच नाहीत का?

सगळ्यात आधी, तो डॉक पुन्हा लावून पाहू नका. दुसऱ्या कुणाच्या चालू स्विचवर ‘बघू तरी’ म्हणून तर अजिबात नको. स्विचसोबत आलेला मूळ अ‍ॅडॉप्टर भिंतीतून आणि स्विचमधून, दोन्हीकडून काढा, मिनिटभर थांबा आणि थेट स्विचला लावा. डॉक मधे नको. तासभर तसाच राहू द्या, कारण बॅटरी पार उतरली असेल तर स्क्रीन उजळायला वेळ लागतो. तरीही काहीच झालं नाही, तर आतला एक आयसी, म्हणजे छोटी चिप, उडाला असण्याची शक्यता मोठी आहे. तो बदलता येतो. स्विच गेला असं समजून रद्दीत काढू नका.

हे मला माहीत आहे कारण आमच्या घरात अगदी हेच झालं. मी सातपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलं आणि अंबडला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. इंदिरानगरला राहणाऱ्या माझ्या भाचीला तिच्या काकांनी दुबईहून स्विच आणून दिला होता. दिवाळीच्या सुट्टीत तिनं ऑनलाइन एक छोटासा डॉक मागवला, मूळ डॉकच्या निम्म्या आकाराचा. दहा-बारा दिवस चालला. मग एका रात्री खेळता खेळता टीव्ही काळा झाला, आणि स्विच उचलून घेतला तर तोही बंद. त्यात तिचा दोन वर्षांचा खेळ होता. ती रडली तेव्हा घरातले म्हणाले, खेळणंच आहे ना. मला ते पटलं नाही. पंचवीस-तीस हजारांची वस्तू आहे आणि पोरीनं ती जिवापाड सांभाळली होती.

मी टाइप-सीचा छोटा मीटर लावला. मूळ अ‍ॅडॉप्टरवर व्होल्टेज ५ वरून १५ वर चढायला हवं होतं. ते ५ वरच अडकलं. बोर्ड उघडल्यावर कळलं, एम९२टी३६ नावाचा आयसी गेला होता. स्विच दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा पाठ असतो.

हा आयसी काय करतो ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. टाइप-सी ही जुन्या चार्जरसारखी मुकी पिन नाही. चार्जर आधी फक्त ५ व्होल्ट देतो. मग दोघांची बोलणी होतात: तू किती देऊ शकतोस, मला किती हवं. मूळ अ‍ॅडॉप्टरकडे स्विच १५ व्होल्ट मागतो, आणि टीव्हीवर चित्र द्यायचं असेल तर ते लागतातच. म्हणूनच मूळ अ‍ॅडॉप्टरवर १५ व्होल्ट, २.६ अँपिअर छापलेलं असतं, म्हणजे ३९ वॅट. मोबाइलच्या साध्या चार्जरवर स्विच हळूहळू चार्ज होतो पण डॉकमधून टीव्हीवर दिसत नाही, त्याचं कारणही हेच. आता गोम अशी, की टाइप-सीच्या इवल्याशा तोंडात २४ पिना असतात, दोन पिनांच्या मध्यांत जेमतेम अर्धा मिलिमीटर अंतर. त्यात वीज आणणाऱ्या पिनेला अगदी खेटून बोलणी करणारी पिन बसते. स्वस्त डॉकचं तोंड जरा सैल असलं, किंवा मुलानं स्विच तिरका ठेवला, की या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकतात. जी पिन नुसत्या बोलणीसाठी आहे तिच्यावर १५ व्होल्ट येतात आणि मागचा आयसी जळतो. डॉकच्या आतलं सर्किट बोलणी न पाळता मनानं व्होल्टेज देत असेल तरी तेच.

दुकानदाराचं ‘तीन आठवडे चाललं ना’ हे म्हणणं म्हणूनच बरोबर नाही. पिना रोज टेकत नाहीत. एकदाच टेकतात. २०१८ च्या मार्चमध्ये स्विचचं ५.० अपडेट आलं तेव्हा बाहेरच्या डॉकवर ठेवलेले अनेक स्विच जगभरात असेच बंद पडले होते. तोवर तेही चालतच होते.

मग थर्ड पार्टी वाईट का? नाही, आणि सरसकट तसं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. भाचीकडे आज एका नावाजलेल्या कंपनीचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर आहे, निन्टेन्डोचा नाही, पण बोलणी नीट पाळणारा. स्विच हातात घेऊन खेळताना ती तोच वापरते. मी दुसरा प्रश्न विचारतो: या वस्तूतून कन्सोलमध्ये वीज जाते का? जात असेल तर तिथे पैसे वाचवायचे नाहीत. कव्हर, स्क्रीनची काच, स्टँड, अंगठ्याखालची रबरी टोपी, बॅग, हे सगळं एम. जी. रोडवरून खुशाल शंभर-दीडशेला घ्या. त्यानं कन्सोलचं काही बिघडत नाही.

वीज जाणाऱ्या वस्तूंमध्ये आपल्याकडे एक गोष्ट हमखास सुटते. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकत नाही. स्विच येतो तो दुबई, जपान, अमेरिकेतून, आणि अ‍ॅडॉप्टरची पिन आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही. लोक मग वीस रुपयांचा कन्व्हर्टर लावतात. अ‍ॅडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर २३० ची भीती नाही, वेगळा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. भीती आहे ती त्या सैल कन्व्हर्टरची. आत ठिणग्या पडतात, प्लॅस्टिक काळं पडतं, आणि पावसाळ्यात लाइट ये-जा करते तेव्हा प्रत्येक झटका अ‍ॅडॉप्टर सोसत राहतो. चांगला घट्ट बसणारा कन्व्हर्टर आणि सर्ज प्रोटेक्शनचा, म्हणजे विजेचा झटका अडवणारा, बोर्ड घ्या. इथे विकत घेतलेल्या अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक छापलेला असायला हवा. तो ‘आर’नं सुरू होतो आणि बीआयएस केअर या मोफत अ‍ॅपवर टाकला की नोंदणी खरोखर कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानात उभं राहून तपासा. यात लाजण्यासारखं काही नाही.

टीव्हीला चित्र नेणाऱ्या एचडीएमआय केबलचंही सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या प्लेस्टेशनमध्ये तिचं पोर्ट गेल्याची तक्रार सतत असते. प्लेस्टेशन ५ ची आणि बहुतेक प्लेस्टेशन ४ ची पॉवर केबल दोन पिनांची आहे, तिला अर्थिंगच नाही. टीव्हीला केबलवाल्याची वायर जोडलेली असते, जुन्या वाड्यांमधून तर सॉकेटलाही अर्थिंग नसतं. अशा वेळी दोन्ही उपकरणं चालू ठेवून एचडीएमआय खुपसली तर दोघांमधल्या व्होल्टेजच्या फरकाचा करंट त्या पोर्टमधून वाहतो. बोटाला मुंग्या येतात तोच हा करंट. भिंतीवरचं बटण बंद करा, मग केबल लावा. केबल शंभर रुपयांची असो की हजाराची, हे पाळा.

कंट्रोलरची गोष्ट वेगळी. त्यानं सहसा कन्सोल मरत नाही, फसवणूक होते ती खिशाची. प्लेस्टेशन ४ च्या नावाचे जे आठशे-हजारात मिळतात ते डुप्लिकेट असतात, खोक्यावर लोगो कितीही छान छापलेला असो. टचपॅड नुसता बटणासारखा दाबला जातो, त्यावर बोट फिरवलं तर काही होत नाही. हेडफोनचं भोक असतं पण आवाज येत नाही. हातात घेतल्यावर हलका लागतो, कारण बॅटरी लहान असते. अशा कंट्रोलरची बॅटरी फुगून मधला जोड उकललेला मी पाहिला आहे, आणि तो लहान मुलाच्या उशाशी चार्जिंगला लावलेला होता. फुगलेला कंट्रोलर एक दिवसही वापरू नका. आणखी एक, प्लेस्टेशन ५ साठी म्हणून जुना प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर कुणी विकत असेल, तर अस्सल असला तरी तो ५ वर फक्त ४ चे गेम खेळवतो.

पण मूळ कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकायला लागली, तर तिथे मात्र बाहेरचा भाग मूळ भागापेक्षा चांगला निघतो. कंपन्यांच्या स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर पातं घासत राहतं, आणि पट्टी झिजली की कुणी हात लावला नसतानाही गेममधला माणूस चालायला लागतो. बाहेर हॉल इफेक्टच्या स्टिक मिळतात, त्यात चुंबकानं जागा मोजली जाते, घासायला काही नसतंच. सोल्डरिंग येणाऱ्या माणसाकडून बसवून घ्या.

एक्सबॉक्सवाल्यांची अडचण निराळी. १२ नोव्हेंबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टनं परवाना नसलेल्या वस्तू अडवायला सुरुवात केली. लावली की स्क्रीनवर इशारा येतो, दोन आठवड्यांची मुदत मिळते, मग ती वस्तू चालत नाही. वस्तूत दोष नाही, तरी ती बंद. मला हे खटकतं. फसवून जिंकणारी यंत्रं थांबवायला हवीत हे मान्य, पण ज्यांच्या हातांना अडचण आहे आणि ज्यांना वेगळी, स्वतः जुळवलेली बटणं लागतात, तेही या जाळ्यात येण्याची काळजी तेव्हाच व्यक्त झाली होती. याच कंपनीनं २०१८ मध्ये अशा खेळाडूंसाठी खास कंट्रोलर काढला, त्याला १९ साधे जॅक दिले आणि कुणाचंही बटण लावा म्हटलं. तो मार्ग मला योग्य वाटतो. तुम्ही एक्सबॉक्ससाठी काही घेणार असाल तर खोक्यावर ‘डिझाइन्ड फॉर एक्सबॉक्स’ हे चिन्ह बघूनच घ्या.

प्लेस्टेशन ५ मध्ये एसएसडी, म्हणजे गेम साठवायची मेमरी, वाढवायची असेल तर बाहेरचीच घ्यावी लागते, कंपनीनं २०२१ मध्ये ती जागा मोकळी करून दिली. फक्त जेन ४ ची (खोक्यावर ‘पीसीआयई जेन ४’ लिहिलेली) असावी, वाचण्याचा वेग ५,५०० मेगाबाइट प्रतिसेकंद किंवा जास्त, आणि हीटसिंक (वर बसणारी, उष्णता शोषणारी धातूची पट्टी) धरून उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत. उंची मोजायची राहते आणि झाकण बसत नाही, हे फार जणांचं होतं. मागे चिकटवायचे जे पंखे विकतात ते घेऊ नका. प्लेस्टेशन ५ पुढून हवा घेतं आणि मागून सोडतं, तिथे यूएसबीवरचा इवलासा पंखा अडथळाच करतो. आपल्याकडच्या धुळीत दर दोन-तीन महिन्यांनी धूळ काढण्याच्या झाकणांपाशी व्हॅक्यूम फिरवला तर त्याहून जास्त उपयोग होतो.

आता तुमच्या स्विचकडे परत येतो. दुरुस्तीला देताना विचारा, ‘चार्जिंगला किती व्होल्ट, किती अँपिअर दाखवतोय ते माझ्यासमोर बघता का?’ मीटर न लावता ‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्याकडे देऊ नका. आयसी बदलायला हॉट एअर आणि मायक्रोस्कोप लागतो, साध्या सोल्डरिंग गननं तो बसत नाही. खेळ आणि सेव्ह वेगळ्या मेमरीत असतात, त्यामुळे आयसी बदलल्यानं मुलाचं काही पुसलं जात नाही. भाचीचं सगळं जसंच्या तसं परत मिळालं. कुणी आधीच ‘फॉरमॅट करावा लागेल’ म्हटलं तर स्विच उचला आणि निघा.

दुकानदाराशी भांडण्यापेक्षा कागद जमवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर त्याची भरपाई मागता येते. तुमच्या बाबतीत सदोष वस्तू डॉक आणि नुकसान स्विचचं. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. तिथे मिटलं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आणि वस्तू ऑनलाइन घेतली असली तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. यासाठी दोन गोष्टी लागतील. डॉकचं पक्कं बिल, आणि दुरुस्ती करणाऱ्याकडून लेखी, की आयसी कोणता गेला आणि कशानं गेला. बिल नसेल तर ऑनलाइन पैसे भरल्याचा मेसेज शोधून ठेवा. आणि तो डॉक फेकू नका, दुकानदाराला परतही देऊ नका. खोक्यासकट पिशवीत घालून कपाटात ठेवा.